हजार टॉवेलांसाठी किती विणायचे? प्रमाणावरून अंदाज काढण्याची रीत

हजार टॉवेलांची ऑर्डर आहे. आजवरचा हिशेब असा की शंभरात पाच नग सेकंडमध्ये, म्हणजे सदोष मालात जातात. मग लूमवर (मागावर) किती घ्यायचे? पटकन तोंडात येणारं उत्तर १,०५०. हे उत्तर दोनदा चुकतं.

पहिली चूक साधी आहे. १,०५० मधले पाच टक्के म्हणजे ५२-५३ नग गेले, हातात उरले ९९७. ऑर्डर अपुरी. कारण ते पाच टक्के विणलेल्या मालावरचे आहेत, ऑर्डरवरचे नाहीत. म्हणून इथे वाढवायचं नाही, भागायचं: १,००० ÷ ०.९५ = १,०५३. सेकंडचं प्रमाण लहान असलं की हा फरक दोन-तीन नगांचा वाटतो. ते २० टक्के असलं तर १,२०० आणि १,२५० असा पन्नास नगांचा होतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते. १,०५३ विणले तर चांगले किती निघतील? अपेक्षित आकडा बरोबर हजार. पण हा ‘अपेक्षित’ शब्द फसवा आहे. बोलताना आपण ‘अपेक्षा’ म्हणजे आशा किंवा भरवसा समजतो; गणितात तो असंख्य फेऱ्यांच्या सरासरीचा आकडा असतो. एका फेरीत त्याच्या खाली-वर होणारच. १,०५३ विणून हजार भरण्याची शक्यता निम्म्याच्या जेमतेम वर आहे. नाणं उडवून ऑर्डर पाठवण्यासारखंच हे झालं.

मग किती जास्त घ्यायचे? त्यासाठी आकडा कितपत हलतो ते काढावं लागतं. शाळेच्या पुस्तकात याला प्रमाण विचलन म्हणतात, आपण पसारा म्हणू. रीत अशी: एकूण नग, चांगल्यांचं प्रमाण आणि वाईटांचं प्रमाण या तिघांचा गुणाकार करायचा आणि त्याचं वर्गमूळ काढायचं. १,०५३ × ०.९५ × ०.०५ = ५०. वर्गमूळ ७. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम.

हा ७ असा वापरायचा: अपेक्षित आकड्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पसारे धरले, म्हणजे १४ खाली आणि १४ वर, की शंभरातल्या साधारण ९५ फेऱ्या त्या पट्ट्यात येतात. आपल्याला काळजी फक्त खालच्या बाजूची. म्हणून चांगल्या नगांचा अपेक्षित आकडा हजारापेक्षा १४-१५ ने वर ठेवायचा. १,०६८ विणले तर अपेक्षित चांगले १,०१४.६, त्यातून दोन पसारे (१४.२) वजा केले तरी हजार उरतात. माल कमी पडण्याची शक्यता आता शंभरात दोन-अडीच. १,०५३ आणि १,०६८ यांतले जास्तीचे पंधरा टॉवेल ही खात्रीची किंमत. ती मोजायची की नाही हे ऑर्डरवर ठरवा. निर्यातीचा कंटेनर अडणार असेल तर मोजा. ‘उरलेले पुढच्या आठवड्यात देतो’ असं सांगून चालणारं गिऱ्हाईक असेल तर कशाला?

एक पथ्य. ही रीत तेव्हाच चालते जेव्हा अपेक्षित चांगले आणि अपेक्षित वाईट दोन्ही निदान दहाच्या घरात असतात. तीस चादरींच्या लहान ऑर्डरला पाच टक्के लावले तर वाईट निघतात दीड. तिथे पसाऱ्याचं गणित लावू नका, दोन-तीन चादरी जास्त विणा आणि मोकळे व्हा.

पाच टक्के आले कुठून?

खरं दुखणं इथे असतं. गुणाकार-भागाकार कुणीही करतो. प्रमाण चुकीचं असेल तर पुढचं सगळं चुकीचंच.

समजा १,२०० टॉवेलांच्या लॉटमधले ८० तपासले आणि ४ सदोष निघाले. प्रमाण पाच टक्के, लॉटमध्ये अपेक्षित सदोष ६०. पण हे ‘पाच टक्के’ स्वतःच किती डळमळीत आहे ते पाहा. प्रमाणाचा पसारा काढायचा तर चांगल्याचं आणि वाईटाचं प्रमाण गुणून तपासलेल्या नगांनी भागायचं, मग वर्गमूळ: ०.०५ × ०.९५ ÷ ८० याचं वर्गमूळ ०.०२४. दोन पसारे म्हणजे जवळजवळ पाच टक्के. सदोष चारच आहेत, म्हणून वरच्या पथ्याप्रमाणे हा पट्टा ढोबळच समजा. म्हणजे खरं प्रमाण जवळपास शून्यापासून दहा टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं, आणि सदोष नग जेमतेम दोन-चारापासून ११९ पर्यंत. इतक्या रुंद पट्ट्यावर भाव ठरवता येत नाही.

३२० तपासले आणि १६ सदोष निघाले तर प्रमाण तेच पाच टक्के, पण पट्टा अडीच ते साडेसात टक्क्यांवर येतो. लक्षात घ्या, तपासणी चौपट केली तेव्हा कुठे पट्टा निम्मा झाला. सगळा हिशेब वर्गमुळाचा असल्यामुळे हे होतं. म्हणून ‘अजून थोडे तपासू’ म्हणून ८० चे १०० करण्यात फारसा अर्थ नाही.

एकही सदोष निघाला नाही तर? ‘६० पाहिले, सगळे चोख, म्हणजे शून्य टक्के’ असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. तिथे तीनचा नियम लावा: ३ ÷ तपासलेले नग. ३ ÷ ६० म्हणजे पाच टक्के. साठही चोख निघाले तरी लॉटमध्ये पाच टक्क्यांपर्यंत सदोष असू शकतात. पडताळा हवा असेल तर ०.९५ साठ वेळा गुणून पाहा, ०.०४६ येतं: पाच टक्के सदोष असलेल्या लॉटमधून सलग साठ चोख नग हाती येण्याची शक्यता शंभरात साडेचार आहे, शून्य नाही.

नग उचलायचे कसे, हेही गणिताइतकंच महत्त्वाचं. गठ्ठ्याच्या वरचे ८० उचलले तर ते बहुतेक एकाच पाळीचे, एकाच लूमचे असतात. १,२०० मधून ८० हवेत म्हणून दर पंधरावा नग घ्यायचा, ही पद्धत चांगली आहे, पण तिच्यात एक फसगत दडलेली असते. पाच लूमचा माल आळीपाळीने एकावर एक रचला असेल तर दर पंधरावा नग एकाच लूमचा येतो, कारण पंधराला पाचाने भाग जातो. बाकी चार लूम तुम्ही तपासलेच नाहीत! इथे दर चौदावा घ्या. पहिला नग एक ते चौदामधली चिठ्ठी काढून ठरवा, हाताला लागेल तो नाही. हात नेहमी नीट घडी घातलेल्या नगाकडेच जातो.

शेतातल्या नमुन्याचीही अशीच गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणीच्या प्रयोगांवर काम करताना दाखवून दिलं की कापणीसाठी घेतलेला तुकडा फार लहान असला की उत्पादन फुगवून दिसतं. लहान चौकटीला क्षेत्राच्या मानाने कडा जास्त, आणि कडेवरचं ताट आत धरायचं की बाहेर अशी शंका आली की कापणारा ते आतच धरतो. त्यात लबाडी नसते, पण चूक दर वेळी एकाच बाजूला होते. अशी चूक नमुने वाढवून जात नाही.

तीन लूम, तीन प्रमाणं

पहिला लूम ५०० टॉवेल देतो आणि त्यात २ टक्के सदोष. दुसरा ३००, ४ टक्के. तिसरा जुना, २००, पण १० टक्के. एकूण प्रमाण किती? २, ४ आणि १० ची सरासरी ५.३ काढू नका. प्रत्येकाचे नग मोजा: १० + १२ + २० = ४२. हजारात ४२, म्हणजे ४.२ टक्के. टक्क्यांची सरासरी तेव्हाच काढावी जेव्हा तिन्हींचे नग सारखे असतात.

आता उलटा प्रश्न. एक सदोष टॉवेल हाती आला आहे, चिठ्ठी गळून पडली आहे. तो तिसऱ्या लूमचा असण्याची शक्यता किती? ४२ पैकी २०, म्हणजे ४८ टक्के. सगळे बोट तिकडेच दाखवतील, पण निम्म्याहून जास्त वेळा तो नग दुसऱ्या कुठल्या तरी लूमचा असणार. ‘तिसऱ्या लूमवर दहा टक्के सदोष’ आणि ‘सदोष नगांपैकी दहा टक्के तिसऱ्या लूमचे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. गल्लत टाळायची तर टक्क्यांत बोलूच नका, हजार नग समोर मांडा आणि मोजा.

ज्वारीचं बियाणं: उगवणीवरून एकरी किलो

घरचं बियाणं धरणाऱ्यांना हे दरवर्षी लागतं. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी अजून कितीतरी जण घरचीच पेरतात, आणि घरच्या बियाण्याच्या पिशवीवर उगवण छापलेली नसते.

दहा दाणे ओल्या फडक्यात ठेवून आठ उगवले की ‘ऐंशी टक्के’ म्हणायची पद्धत आहे. ती सोडा. खरी उगवण ६० टक्के असलेल्या बियाण्यातही दहापैकी आठ किंवा जास्त दाणे उगवण्याची शक्यता साधारण सहात एक आहे. इतक्या सहज फसवणारी चाचणी न केलेली बरी.

चारशे दाणे घ्या, पोत्याच्या वरून, मधून, तळातून. धुतलेलं गोणपाट ओलं करून पिळा. पाणी गळायला नको, दाणे कुजतात. दहा ओळी, ओळीत दहा दाणे, एकमेकांना न चिकटता. अशा चार गुंडाळ्या करा, सावलीत ठेवा, ओल राखा. चौथ्या दिवशी पहिली मोजणी आणि दहाव्या दिवशी शेवटची. मूळ आणि कोंब दोन्ही धड असतील तोच दाणा उगवला म्हणायचा. नुसतं मूळ फुटलेला धरू नका.

समजा चार गुंडाळ्यांत ८२, ७९, ८५, ७८ उगवले. एकूण ३२४, म्हणजे ८१ टक्के. प्रत्येक गुंडाळीचा पसारा चारच्या आसपास, म्हणून ७८ आणि ८५ मधला फरक नेहमीचाच. पण एखादी गुंडाळी ६२ दाखवत असेल तर ती सरासरीत मिसळू नका. ८१ पासून ६२ म्हणजे जवळजवळ पाच पसारे खाली. योगायोगाने असं होत नाही. गोणपाट एका बाजूला वाळलं, बुरशी आली, किंवा ते दाणे पोत्याच्या भिजलेल्या कोपऱ्यातले होते. कारण शोधा, चाचणी पुन्हा करा. प्रमाणित ज्वारी बियाण्याला किमान ७५ टक्के उगवण लागते, ही तुलनेची रेघ.

आता एकरी हिशेब. ४५ सेंटिमीटरवर ओळी आणि दोन ताटांत १५ सेंटिमीटर धरले तर एका ताटाला ०.०६७५ चौरस मीटर जागा; एकरात ४,०४७ चौरस मीटर; म्हणजे साधारण ६०,००० ताटं. फडक्यातली उगवण शेतात तशीच मिळत नाही. ढेकळं, कमी ओल, खोल पडलेला दाणा यांत समजा शंभरातले १५ कोंब वर येत नाहीत. आलेल्यांपैकी १० टक्के खोडमाशीच्या पोंगेमरीत (मधला पोंगा वाळून) जातात. शक्यता एकामागून एक येतात तेव्हा गुणायच्या: ०.८१ × ०.८५ × ०.९० = ०.६२. वजाबाकी करू नका. ८१ मधून १५ आणि १० काढून ५६ म्हणणं चूक आहे, कारण उगवलाच नाही तो दाणा खोडमाशी कुठून खाणार?

६०,००० ÷ ०.६२ = सुमारे ९६,८०० दाणे. हजार दाणे मोजून वजन करा; ते ३५ ग्रॅम भरलं तर ३ किलो ४०० ग्रॅम. शिफारस हेक्टरी १० किलोची, म्हणजे एकरी ४ किलो. तेवढं पेरलं तर अपेक्षित ७०,८०० ताटं, आणि जास्तीची विरळणीत निघतात. उगवण ८१ ऐवजी ६० निघाली तर त्याच रीतीने ४ किलो ६०० ग्रॅम येतात. दोन चाड्यांच्या पाभरीवर (पेरणीच्या अवजारावर) चाड्यातून, म्हणजे दाणे सोडायच्या नरसाळ्यातून, बियाणं सोडताना हा फरक नुसत्या हाताला कळत नाही, म्हणून आधी एका ओळीत मापून पेरून पाहा.

टोकण, म्हणजे ठरावीक अंतरावर हाताने दाणे टाकून पेरणी, करणार असाल तर प्रश्न बदलतो: किती ठिकाणं रिकामी राहतील? एक दाणा वाया जाण्याची शक्यता ०.३८. दोन टाकले तर दोन्ही वाया ०.३८ × ०.३८ = ०.१४, साठ हजारांत साडेआठ हजारांवर खड्डे. तीन टाकले तर साडेपाच टक्के, तीन हजार तीनशे. पण तिसऱ्या दाण्याला एकरी दोन किलोच्या वर बियाणं जास्त जातं. आणि हा गुणाकारही जरा आशावादीच आहे: ढेकूळ बसलं की एका ठिकाणचे तिन्ही दाणे एकदम दबतात.

एकमेकांना बांधलेले आकडे

वरचा पसारा काढताना एक गोष्ट गृहीत होती: एका नगाचं नशीब दुसऱ्याच्या नशिबाशी बांधलेलं नाही. व्यवहारात ते बऱ्याचदा बांधलेलं असतं. ताण्याचा एक धागा तुटला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर त्या लूमवरच्या पुढच्या प्रत्येक टॉवेलात तीच उभी रेघ येते. दोष सुटे येत नाहीत, माळेने येतात.

लग्नाच्या पंगतीवर हे चटकन कळतं. ६०० जणांना आमंत्रण, ७० टक्के येतात असा अनुभव. अपेक्षित पानं ४२०. प्रत्येक जण स्वतंत्रपणे ठरवत असता तर पसारा ११, दोन पसाऱ्यांची सोय म्हणजे २२ पानं जास्त. पण माणसं घराने येतात. चार-चार जणांची १५० घरं धरली तर घरांचा पसारा ५.६, माणसांत २२. सोय ४५ पानांची करावी लागते. अपेक्षित आकडा तोच, ४२०. दुप्पट झाला तो फक्त पसारा. लक्षात ठेवायची युक्ती: चारचा गट असेल तर चारचं वर्गमूळ, दोन, तितक्या पटीने मोकळीक वाढवा. अक्कलकोट रोडवरून सगळे एकाच गाडीने येणार असतील आणि गाडीच बंद पडली, तर मात्र कुठलंच वर्गमूळ कामाला येत नाही.

पाऊस आणि कांदा

पेरणीच्या आठवड्यात पुरेसा पाऊस होईल का, याचा अंदाज सरासरीवरून काढू नका. २४ ते ३० सप्टेंबर या आठवड्याचे पाच वर्षांचे आकडे समजा ०, ४, ८, १२ आणि १२६ मिलिमीटर आहेत. सरासरी ३०! पण पाचपैकी चार वर्षं १२ किंवा त्याहून कमी. परतीच्या पावसाचा एक दणका सरासरी उचलून ठेवतो.

त्याऐवजी जवळच्या केंद्राचे तीस वर्षांचे आकडे घ्या आणि मोठ्याकडून लहानाकडे लावा. एखाद्या आकड्याचा क्रमांक भागिले ३१ (वर्षं अधिक एक) ही तितका किंवा जास्त पाऊस होण्याची शक्यता. २० मिलिमीटर अठराव्या क्रमांकावर असेल तर १८ ÷ ३१ = ५८ टक्के. चार वर्षांत तीनदा मिळेल असा भरवशाचा आकडा हवा तर ७५ टक्क्यांवरचा, म्हणजे तेविसाव्या क्रमांकाचा पाहा. कोरडवाहूचं नियोजन त्यावर करावं. आणि मागच्या वर्षी कोरडं गेलं म्हणून यंदा पडणारच, हा हिशेब पावसाला ठाऊक नसतो. २० मिलिमीटर न होण्याची शक्यता उरलेली ४२ टक्के; ही अडचण लागोपाठ दोन वर्षं येण्याची शक्यता ०.४२ × ०.४२, जवळजवळ १८ टक्के आहे.

कांद्यात अपेक्षित मूल्याचा खरा उपयोग होतो. हिवाळ्यात सोलापूरच्या बाजार समितीत गोण्यांच्या थप्प्या लागतात तो खरीप कांदा चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) टिकत नाही. त्याला हा हिशेब लावूच नका. उन्हाळी कांद्याला लावा. ६० क्विंटल, आज भाव समजा १,५००. ठेवला तर तीन महिन्यांनी २,६०० मिळण्याची शक्यता तीस टक्के, १,९०० ची चाळीस, १,२०० ची तीस. अपेक्षित भाव ७८० + ७६० + ३६० = १,९००. ठेवावासा वाटतो ना? पण सड, मोड आणि वजनघट मिळून तीस टक्के गेले तर क्विंटलमागे हाती १,९०० × ०.७० = १,३३०. आजचे ९०,००० सोडून ७९,८०० घेतले, चाळीचा खर्च वेगळा. उलटा आकडा पाठ ठेवा: १,५०० ÷ ०.७० = २,१४३. याच्या खाली भाव राहिला तर ठेवलेला कांदा तोट्यात.

आणि इथेही आकडे बांधलेले आहेत. तुमच्या चाळीत ओल शिरते त्या वर्षी सगळ्यांच्याच शिरते, म्हणून भाव चढतो. कोरड्या वर्षी ८० टक्के माल आणि भाव १,४००. ओल्या वर्षी ५० टक्के माल आणि २,६००. दोन्हींची शक्यता सारखी. सरासरी माल ६५ टक्के आणि सरासरी भाव २,००० गुणले तर १,३०० येतात. पण वर्षवार काढलं तर १,१२० आणि १,३००, सरासरी १,२१०. क्विंटलमागे ९० रुपये नुसत्या चुकीच्या गुणाकाराने जास्त दिसले. असे आकडे असतील तेव्हा आधी प्रत्येक स्थितीचा पूर्ण हिशेब करा, सरासरी शेवटी.

गड्ड्यातली रिंग

संक्रांतीला सोलापूरच्या होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रा, भरला की शिकवणीला याहून चांगला फळा नाही. समजा वीस रुपयांत पाच रिंगा, बसली तर साधारण ५० रुपयांची वस्तू. खेळण्याआधी बाजूला उभं राहून २०० रिंगा मोजा. ९ बसल्या तर प्रमाण ४.५ टक्के. पाच रिंगांत अपेक्षित ०.२२५ वस्तू, म्हणजे सव्वाअकरा रुपये, तुमचे वीस गेले. एक तरी बसण्याची शक्यता पाच गुणिले साडेचार म्हणून काढू नका; एकही न बसण्याची काढा, ०.९५५ पाच वेळा गुणून ०.७९४, मग उरलेली २०.६ टक्के. गल्ल्यावर बसणाऱ्याचा प्रश्न वेगळा: दिवसाला ४०० गिऱ्हाइकं, २,००० रिंगा, अपेक्षित ९० वस्तू, पसारा ९. त्याने ११० वस्तू मांडल्या की संध्याकाळी फळी रिकामी पडत नाही.

वहीत काय लिहायचं

दर लॉटला चार रकाने: विणलेले नग, अपेक्षित सदोष, पसारा, प्रत्यक्ष सदोष. १,०५३ ला अपेक्षित ५३, पसारा ७. प्रत्यक्ष ६१ निघाले तर कुणाला बोलू नका, प्रमाणही बदलू नका. एका पसाऱ्याच्या थोडं वर हे नेहमीचं आहे. दर वेळी प्रमाण बदलत बसलात तर फक्त योगायोगाच्या मागे धावाल. ७५ निघाले तर तीन पसारे झाले. त्या दिवशी बीम (ताण्याच्या धाग्यांचा रूळ) कधी बदलला, सूत कुठल्या गाडीचं, रात्रपाळीत लूम किती वेळा थांबला हे पाहा आणि लूमवार मोजा. लागोपाठ सहा-सात लॉट अपेक्षित आकड्याच्या वरच राहिले, प्रत्येक थोडाच का असेना, तर जुने पाच टक्के खोडा, त्या सहा-सात लॉटांचे सदोष आणि एकूण नग बेरजेने घेऊन नवं प्रमाण काढा, आणि पुढची ऑर्डर त्याने भागा.